हवा काढून घेतलेली भट्टी

हैदराबादला जाणाऱ्या मराठी प्रवाशाची यादी ठरलेली असते. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग म्युझियम, हुसेनसागर, आणि हाताशी एखादा दिवस उरलाच तर रामोजी फिल्म सिटी. कांचनबाग या यादीत नसते. तिथे तिकीट काढून पाहण्याजोगे काही नाही. संतोषनगर ओलांडून डीएमआरएल क्रॉस रोडपाशी आले की उंच भिंती, काटेरी तारा, पहारे आणि छायाचित्रणाला मनाई करणाऱ्या पाट्या सुरू होतात. पण प्रचंड उष्णतेत टिकून राहणाऱ्या धातूंचे जे ज्ञान गेल्या पन्नास वर्षांत या देशात जमा झाले, त्याचा फार मोठा भाग याच भिंतींच्या आत जमा झाला. मला हैदराबादला ओढून नेले ते त्या धातूंनी.

विमानाच्या जेट इंजिनात ज्वलनकक्षाच्या लगेच मागे टर्बाइनची पाती असतात. त्यांच्यावर आदळणाऱ्या वायूचे तापमान आजच्या इंजिनांत 1500 अंश सेल्सिअसच्याही वर जाते. पाती ज्या मिश्रधातूची असतात तो स्वतः 1300 ते 1400 अंशांच्या दरम्यान वितळतो. म्हणजे पाते ज्या वाऱ्यात उभे असते, तो वारा त्याला वितळवू शकेल इतका तापलेला असतो. शिवाय पाती बसवलेली चकती मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेत असल्यामुळे बोटभर लांबीच्या त्या पात्यावर कित्येक टनांचा ताण असतो. आतून खेळवलेली हवा आणि अंगावरचा झिर्कोनियाचा लेप त्याला वाचवतात, पण मुळात धातूच तसा हवा. निकेलच्या पायावर उभे असलेले हे मिश्रधातू सुपरअलॉय म्हणून ओळखले जातात. ते उघड्या हवेत वितळवून चालत नाहीत, आणि त्यामागची कारणे मला डोळ्यांनी पाहायची होती.

मुंबईहून हुसेनसागर एक्सप्रेस पकडली. वाडी जंक्शन मागे टाकून गाडी तांडूरच्या बाजूला लागली की दोन्हीकडे फरशीच्या खाणी दिसतात. अंगणातली, ओट्यावरची शहाबादी फरशी याच पट्ट्यातली. हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनवर आतेबहिणीचे यजमान न्यायला आले होते. आमचे हे भावजी मूळचे उदगीरचे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हापासून त्यांच्या घराण्याचे हैदराबादला येणे-जाणे. त्यांची सगळी नोकरी धातूंच्या प्रयोगशाळांमध्ये गेली. ते निवृत्त झाले असले तरी रस्त्याने जाताना एखाद्या लोखंडी कठड्याचा गंज पाहून थांबण्याची सवय गेलेली नाही. मला वाटले होते, ते थेट कांचनबागेकडे नेतील. त्यांनी रिक्षा सालारजंग म्युझियमकडे वळवली.

“आधी इथली जुनी भट्टी समजून घे,” ते म्हणाले, “मग नवी बघ.”

शस्त्रांच्या दालनात ते मला पात्यांवरचा जौहर दाखवत होते. पोलादाच्या अंगातूनच उमटलेली ही नक्षी असते, वरून कोरलेली नसते. दक्षिण भारतात बनणाऱ्या ज्या पोलादाला युरोपीय लोक वूट्झ म्हणत, त्याचे एक नामांकित केंद्र हैदराबादच्या उत्तरेला निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम हे गाव. तिथल्या पोलादाच्या खरेदीसाठी इराणातल्या इस्फहानहून व्यापारी येत. कारागीर लोखंडाचे तुकडे आणि कार्बन देणारा पाला-लाकूड मातीच्या मुशीत घालत, मुशीचे तोंड मातीने लिंपून बंद करत, तासन्‌तास भाता चालवत आणि मग ती मूस अगदी सावकाश निवू देत. मायकेल फॅरडेने विजेवरील शोधांनी कीर्ती मिळवण्याआधी, 1819च्या सुमारास, याच पोलादाच्या घडणीवर प्रयोग केले होते.

तोंड लिंपलेली मूस आणि सावकाश निवणे या दोन गोष्टी मी मनात ठेवल्या. पुढे त्याच पुन्हा समोर आल्या. वितळलेल्या धातूला हवेपासून दूर ठेवायचे आणि त्याला गोठताना घाई करू द्यायची नाही, हे दख्खनच्या लोहारांना कोणत्याही समीकरणाविना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी कांचनबाग. एकीकडे डीएमआरएल, म्हणजे संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा, तिच्या आसपास क्षेपणास्त्रांचे संशोधन आणि उत्पादन करणाऱ्या संस्था, आणि मिश्र धातु निगम. शहरातल्या बसच्या पाटीवर ‘मिधानी’ हे त्याचे संक्षिप्त नाव असते आणि त्यात बसलेल्या कित्येकांना तो नुसता बसथांबा वाटतो. हा सरकारी कारखाना 1973 साली स्थापन झाला. डीएमआरएलचे संचालक राहिलेले डॉ. आर. व्ही. ताम्हणकर यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. मराठी वाचकांना हे नाव माहीत नाही, याची मला खंत वाटते. अवकाशयाने, अणुभट्ट्या आणि क्षेपणास्त्रे यांना लागणारे खास धातू परदेशांनी विकायचे नाकारले तर काय करायचे, या प्रश्नाला त्या पिढीने दिलेले उत्तर म्हणजे हा कारखाना. इस्रोच्या अग्निबाणांच्या घन इंधनाच्या मोटारींची आवरणे ज्या मॅरेजिंग पोलादाची असतात, ते इथे बनते. टायटॅनियमचे मिश्रधातू बनतात आणि निकेलचे सुपरअलॉयही.

आत जायची परवानगी आम्हाला नव्हती आणि आम्ही ती मागितलीही नव्हती. भिंतीलगतच्या टपरीवर चहा घेताना भावजींनी आतल्या भट्ट्यांचा क्रम सांगितला. पहिली पायरी व्हॅक्यूम इंडक्शन भट्टी. तिच्यात मिश्रधातू तयार होतो, साफ होतो आणि लांब खांबासारख्या इंगटमध्ये ओतला जातो. पण टर्बाइनच्या चकतीसाठी एवढ्यावर भागत नाही. मोठा इंगट हळूहळू गोठताना त्याच्यातली मूलद्रव्ये एकमेकांपासून फुटतात. मधल्या भागात एक प्रमाण, कडेला दुसरेच. म्हणून तोच इंगट दुसऱ्या भट्टीत उलटा टांगतात, त्याच्या खालच्या टोकाशी हजारो अँपिअरची ठिणगी पेटवतात आणि थेंबाथेंबाने तो पुन्हा वितळवतात. खाली पाण्याने गार ठेवलेली तांब्याची मूस असते. थेंब पडतो, उथळ डबक्यात मिसळतो आणि लगेच गोठतो. एका वेळी वितळलेला धातू थोडाच असल्यामुळे त्याला फुटून वेगळे व्हायला अवसर मिळत नाही. व्हॅक्यूम आर्क रिमेल्टिंग ती हीच.

“दोनदा वितळवायचं? एवढा खर्च?” मी विचारले.

“दोनदा कुठे, कधी तीनदा. सू सिटीचं विमान आठव.”

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या सू सिटीच्या धावपट्टीवर 19 जुलै 1989 रोजी युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-10 कोसळले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. शेपटीकडच्या इंजिनाची पुढची मोठी चकती उडताना फुटली होती आणि तिच्या तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा तोडल्या होत्या. चकती टायटॅनियमची होती. चौकशीत मूळ सापडले ते धातू वितळवतानाच्या एका दोषात. नायट्रोजन जास्त असलेला एक बारीक कठीण कण धातूत राहून गेला होता. त्याच्यापाशी चीर सुरू झाली आणि सतरा-अठरा वर्षे वाढत राहिली. ती चकती घडवली त्या काळी असा धातू दोनदा वितळवत. पुढे फिरत्या भागांच्या टायटॅनियमसाठी तीनदा वितळवण्याची पद्धत रूढ झाली. धातू निकेलचा असो की टायटॅनियमचा, भट्टीत शिरलेली हवा वर्षानुवर्षे दडून बसू शकते, हे या अपघाताने जगाला फार मोठी किंमत घेऊन शिकवले.

प्रत्यक्ष भट्टी पाहायला मिळाली ती शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी फाउंड्रीत. मालक भावजींचे विद्यार्थी. त्यांच्या विनंतीवरून कारखान्याचे नाव लिहीत नाही. दारातच मोबाइल जमा करून घेतले गेले.

पहिली खोली मेणाची, वातानुकूलित. मेण उन्हाळ्यात मऊ पडले तर माप बिघडते. अॅल्युमिनिअमच्या डायमध्ये मेण दाबून भरले जात होते आणि पात्याच्या आकाराचे पॅटर्न बाहेर येत होते. प्रत्येक मेणात आधीच एक पांढरी, ठिसूळ, वळणावळणाची सिरॅमिक कोअर बसवलेली. पात्याच्या पोटातून थंड हवा खेळवायच्या वाटा त्या कोअरमुळे तयार होतात. लांब टेबलांशी बसलेल्या बाया तापलेल्या पात्याने मेणाचे सांधे जुळवत होत्या, अनेक पॅटर्न एका मेणाच्या खोडाला लावत होत्या. या टेबलावरची चूक पुढे एक्स-रेमध्ये सापडते आणि तोवर तिच्यात महागडा धातू ओतलेला असतो. म्हणून इथे घाई कोणी करत नव्हते आणि मुकादमही कोणाला करायला लावत नव्हता.

पुढच्या दालनात ती झाडे सिरॅमिकच्या स्लरीत बुडवून काढत, वर वाळूचा वर्षाव करत आणि वाळवत ठेवत. असे थरावर थर चढतात. कवच पुरेसे जाड झाले की ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाने मेण काढून टाकायचे आणि पोकळ साचा भाजायचा. मेण घालवून धातू ओतण्याची ही रीत आपल्याकडे मूर्तिकारांनी हजारो वर्षे जपली आहे. तंजावरकडच्या स्वामीमलईत आजही पंचधातूच्या मूर्ती याच रीतीने ओतल्या जातात. इंजिनात ती शिरली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आणि तीही दातांच्या कवळ्यांच्या वाटेने. कवळीसाठी वापरला जाणारा व्हायटॅलियम हा कोबाल्टचा मिश्रधातू उष्णतेत टिकतो असे अमेरिकेत लक्षात आले, आणि दंतवैद्यांसाठी असे ओतकाम करणाऱ्यांचे कौशल्य विमानांच्या टर्बोसुपरचार्जरची पाती ओतायला उपयोगी पडले.

भट्टीपाशी पोचलो तेव्हा धातूचा चार्ज भरणे चालू होते. पोलादाचे मोठे बंद पिंप, त्याला जाड काचेचा झरोका, आत तांब्याच्या नळीची कॉइल आणि कॉइलच्या पोटात मूस. नळीतून सतत पाणी वाहते, कारण वितळलेला धातू तिच्यापासून काही सेंटिमीटरवरच असतो. कॉइलमधल्या विजेमुळे धातूत प्रवाह फिरू लागतात. त्यांनी तो तापतो आणि आपोआप ढवळलाही जातो.

ऑपरेटर नांदेडकडचे होते. भावजींनी ओळख करून दिली तसे ते हसून म्हणाले, “या साहेब, पण आता तासभर बघण्यासारखं काही नाही. व्हॅक्यूम धरायचाय.”

मला मात्र तो तासच सर्वांत मोलाचा वाटला. पंप एकामागून एक सुरू झाले. मोजमाप इथे मायक्रॉनमध्ये बोलतात. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब म्हणजे 760 मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ. दहा मायक्रॉन म्हणजे त्या पाऱ्याचा मिलिमीटरचा शंभरावा भाग. काटा खाली आला तशी त्यांनी झडप बंद केली आणि नुसते घड्याळाकडे पाहत राहिले. पंप तोडल्यावर दाब किती वेगाने परत चढतो, यावरून कुठे बारीक गळती आहे का ते कळते. ती मर्यादेत आली नाही तर भट्टी पेटतच नाही, मागणी कितीही तातडीची असो. धातूच्या गुणवत्तेचा निम्मा निकाल या न पेटलेल्या भट्टीसमोर लागतो, असे माझे मत तिथे बनले.

आता कारणे. निकेलच्या मिश्रधातूला बळ येते ते त्यातल्या अॅल्युमिनिअम आणि टायटॅनियममुळे. हे दोन्ही ऑक्सिजनवर तुटून पडतात. टायटॅनियम नायट्रोजनलाही सोडत नाही. उघड्या भट्टीत त्यांचा काही भाग जळतो, किती जळतो याचा भरवसा नाही, आणि जे ऑक्साइड-नायट्राइड बनतात ते कचऱ्याच्या कणांच्या रूपाने धातूत अडकतात. पुढे चिरा तिथूनच फुटतात. निर्वातात हे टळते, आणि आणखीही काही घडते. धातूतला कार्बन आणि ऑक्सिजन मिळून कार्बन मोनॉक्साइड वायू बनतो आणि वर दाबच नसल्याने बुडबुड्यांतून निघून जातो. शिसे, बिस्मथ असे घातक धातू वाफ होऊन उडतात. दहा लाख भागांत एक-दोन भाग बिस्मथ राहिले तरी तापलेले पाते अवेळी तडकू शकते, हे ऐकल्यावर या स्वच्छतेचे प्रमाण ध्यानात येते.

निर्वातात धातू वितळवण्याचा पाया पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतल्या हानाऊ इथे विल्हेल्म रोन यांनी घातला. जेट इंजिनासाठी त्याचा खरा उपयोग झाला 1952च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी, फालिह दारमारा यांच्या चमूने वास्पालॉय हा मिश्रधातू व्हॅक्यूम इंडक्शन भट्टीत वितळवला तेव्हा. त्यानंतर मिश्रधातूत अॅल्युमिनिअम-टायटॅनियम वाढवायची भीती उरली नाही आणि इंजिनांची तापमाने चढत गेली.

झरोक्यातून पाहिले तर मूस नारिंगी, मग पिवळी, मग पांढरी झाली होती. ऑपरेटरनी मला रंगीत काच दिली. पृष्ठभाग उकळत होता. तो कार्बन मोनॉक्साइड. उकळी थांबेपर्यंत थांबायचे आणि मगच वरच्या कुलूपबंद कप्प्यातून, व्हॅक्यूम न मोडता, अॅल्युमिनिअम आणि टायटॅनियम सोडायचे. बोरॉन, झिर्कोनियम यांची चिमूट सगळ्यांत शेवटी.

“जास्त वेळ उकळू दिलं तर जास्त स्वच्छ होईल ना?” मी विचारले.

“नाही साहेब. मग मूसच धातूत उतरायला लागते.”

भावजींनी उलगडा केला. मूस मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनिअमच्या ऑक्साइडची. तापमान फार चढले आणि दाब फार कमी राहिला की धातूतला कार्बन मुशीच्या भिंतीतलाच ऑक्सिजन ओढू लागतो आणि काढून टाकलेला ऑक्सिजन मागच्या दाराने परत येतो. कुठे थांबायचे हे तक्त्यावर लिहिलेले असते, पण त्या माणसाचे डोळे तक्त्यावर नव्हते. ते उकळीवर होते.

भाजून तापवलेला साचा खालच्या कप्प्यात आला, दार बंद झाले, त्या कप्प्यातलीही हवा काढली गेली. मग मूस कलली आणि काही क्षणांत ओतकाम संपले. सकाळपासूनच्या तयारीचे हे टोक इतके छोटे असते.

असे साधे ओतलेले पाते गोठते तेव्हा त्यात असंख्य स्फटिककण तयार होतात. तापलेल्या पात्यावर सतत ताण राहिला की या कणांच्या सीमांपाशीच ते सरकू, ताणू आणि अखेर फाटू लागते. साठीच्या दशकात अमेरिकेत प्रॅट अँड व्हिटनीच्या फ्रँक व्हर्सनायडर यांनी या सीमाच काढून टाकण्याचा मार्ग धरला. साचा पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या तबकडीवर उभा करायचा, भोवती 1500 अंशांची भट्टी ठेवायची, आणि धातू ओतल्यावर साचा मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे खाली ओढायचा. धातू खालून वर गोठत जातो आणि स्फटिक उभे वाढतात. साच्याच्या तळाशी मळसूत्री वळणाची एक अरुंद वाट ठेवली तर अनेक स्फटिकांपैकी एकच वर निसटतो आणि संपूर्ण पाते त्या एकाच स्फटिकाचे होते. त्याच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती रचना म्हणजे विटांची भिंत: अर्ध्या मायक्रोमीटरच्या कठीण चौकोनी ठोकळ्यांनी सुमारे सत्तर टक्के जागा भरलेली आणि त्यांच्यामधून चुन्याच्या पातळ थरासारखा मऊ निकेल.

या कारखान्यात एकस्फटिक पाती होत नाहीत. ती कांचनबागेच्या भिंतींआड झाली आहेत. डीएमआरएलने निकेलच्या सीएमएसएक्स-4 या मिश्रधातूची एकस्फटिक पाती विकसित केली आणि त्यांतली 60 पाती स्वदेशी हेलिकॉप्टर इंजिनाच्या कार्यक्रमासाठी हिंदुस्तान एअरोनॉटिक्सला दिल्याचे 2021च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले. एकूण पाच संच, म्हणजे 300 पाती करायची होती. 1500 अंशांच्या वर वितळलेल्या धातूचा भार सोसेल अशा सिरॅमिक साच्याचे मिश्रण ठरवण्यापासून निर्वातातल्या अनेक टप्प्यांच्या उष्णता-संस्करणापर्यंत सगळी कृती तिथे बसवावी लागली. ही कला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया अशा मोजक्या देशांनाच अवगत आहे आणि ती कोणी शिकवत नाही. मिश्रधातूचे प्रमाण पुस्तकात मिळते. साचा कोणत्या वेगाने खाली ओढायचा, कोअर कोणत्या तापमानाला वाकते, हे फुकट गेलेल्या शेकडो पात्यांमधून कळते.

या यशाचे मोल मोठे आहे आणि बाकी असलेली वाटही लांब आहे. तेजस आजही अमेरिकी एफ404 इंजिनावर उडते. 1989 साली मंजूर झालेले कावेरी इंजिन 2008 मध्ये तेजसपासून वेगळे करावे लागले. निकेलही आपण मुख्यतः बाहेरून आणतो; गोव्यातला निकोमेट कारखाना 2021च्या डिसेंबरात वेदांताने घेतला तेव्हा देशातला निकेलचा एकमेव उत्पादक म्हणून त्याचे नाव पुढे आले. यंत्रे विकत मिळतात. उकळी पाहून भट्टी कधी थांबवायची हे ओळखणारी माणसे घडवावी लागतात, आणि तिथे आपण अजून कंजूष आहोत. बारावीनंतर गुणवत्ता यादीतली मुले संगणकाच्या रांगेत उभी राहतात आणि धातुशास्त्राची जागा नाइलाजाने घेतली जाते.

पुण्याच्या सीओईपीत, नागपूरच्या व्हीएनआयटीत, पवईच्या आयआयटीत हा विषय शिकवणारे स्वतंत्र विभाग आहेत. तुमच्या घरात बारावीचे मूल असेल आणि त्याला लोखंड, आग, यंत्रे यांचे वेड असेल, तर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी त्याला एखाद्या फाउंड्रीत घेऊन जा. परवानगी मागितली तर बहुतेक मालक आनंदाने दाखवतात.